हिमनद्यांच्या खाडीत दोघी बहिणी आणि एक कयाक

अमेरिकेच्या व्हिसाचा डीएस-१६० हा अर्ज मी १४ जानेवारी २०२४ रोजी, भोगीच्या दिवशी भरायला घेतला आणि २१ जुलै २०२५ रोजी अलास्कातल्या एका दगडगोट्यांच्या किनाऱ्यावरून आमची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी, परतीच्या बोटीवर चढवली. या दोन तारखांमध्ये अठरा महिने गेले आणि प्रत्यक्ष पाण्यावर आम्ही होतो ते केवळ सहा दिवस. तयारी करत असताना मराठीत या प्रवासाविषयी मला काहीच सापडले नव्हते. ज्यांना पुढेमागे असे काही करावेसे वाटेल त्यांची निदान सुरुवातीची चाचपड वाचावी, म्हणून हे सगळे तारखांसह लिहून ठेवते आहे.

मी मूळची अलिबागची. सध्या पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि माझे वय सत्तेचाळीस आहे. धाकटी बहीण सिअ‍ॅटलला असते. अलास्कातल्या ग्लेशियर बे या खाडीचे नाव मी वर्गात फळ्यावर कितीतरी वेळा लिहिले आहे, कारण हिमनदी किती वेगाने मागे सरकू शकते याचे इतके नोंदलेले उदाहरण जगात क्वचितच असेल. १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक तिथे पोहोचले तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. किनाऱ्यात एक लहानशी खाच होती आणि तिच्या तोंडाशी बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आले तेव्हा बर्फ पन्नास किलोमीटरांहूनही अधिक मागे सरकला होता, आणि आज खाडीच्या मुखापासून टोकापर्यंत साधारण शंभर किलोमीटर पाणी आहे. २०२३ च्या दिवाळीत बहीण फोनवर म्हणाली, “ताई, फळ्यावर किती वर्षं काढणार आहेस? ये, दोघी जाऊ. मोठ्या जहाजातून नको, वल्हवत जाऊ.” ती हे सहज बोलून गेली होती, पण मला रात्रभर झोप आली नाही.

व्हिसाचे शुल्क १८५ डॉलर होते, म्हणजे त्या वेळच्या दराने पंधरा-सोळा हजार रुपये. मुंबईतल्या मुलाखतीची पहिली मिळालेली तारीख फेब्रुवारी २०२५ मधली होती, म्हणजे तेरा महिन्यांनंतरची. अधूनमधून संकेतस्थळावर जाऊन अलीकडची तारीख मिळते का ते मी पाहिले, पण काही महिन्यांनी तो नाद सोडला, कारण त्या वाट पाहण्याचा आम्हांला उपयोगच झाला: शिकायला एक पूर्ण हिवाळा मिळाला. बोटांचे ठसे आणि छायाचित्र एका दिवशी, मुलाखत दुसऱ्या दिवशी, असे दोन वेगळे फेरे असतात. पुण्याहून जाणाऱ्यांनी ते लागोपाठच्या दिवशी घेतल्यास एका मुक्कामात काम होते. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मोबाइल आत नेता येत नाही, म्हणून तो नातेवाइकांकडे ठेवून निघावे. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने प्रवासाचा हेतू विचारला तेव्हा मी खरे ते सांगितले, की बहिणीकडे जाणार आहे आणि आम्ही दोघी हिमनद्यांजवळ कयाक चालवणार आहोत. त्यांनी नोकरी किती वर्षांची हे विचारले, परत केव्हा रुजू व्हायचे ते विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतला. आठवड्याभराने तो व्हिसासह मिळाला.

त्यापेक्षा जास्त कागद माझ्याच नोकरीने मागितले. जुलै हा सत्राचा ऐन महिना असतो. अर्जित रजेचा अर्ज, परदेश प्रवासासाठी ना-हरकत प्रमाणपत्र, माझ्या तासिका कोण घेणार याचे सहकारी शिक्षकांच्या सहीचे पत्रक, हे सगळे मी मार्चमध्येच दिले आणि मंजुरी जूनच्या पहिल्या आठवड्यात हातात आली. विमानाचे तिकीट त्याआधीच काढावे लागले होते. ते रद्द करता येण्याजोगे घेतले, त्याचे सुमारे नऊ हजार रुपये जास्त पडले, पण ते दोन महिने मी त्यामुळेच शांतपणे काढू शकले.

विम्याच्या बाबतीत मात्र मनस्ताप झाला. एका कंपनीची प्रवास विमा पॉलिसी घेतली, विक्री प्रतिनिधीने “साहसी खेळ समाविष्ट आहेत” असे तोंडी सांगितले आणि मी निर्धास्त झाले. पंधरा दिवसांनी पॉलिसीचे पूर्ण पुस्तक वाचायला घेतले तेव्हा वगळलेल्या गोष्टींच्या पानावर समुद्रातली कयाकिंग स्पष्ट शब्दांत दिसली. ती पॉलिसी रद्द करून दुसरीकडची, दुर्गम जागेहून उचलून रुग्णालयात नेण्याचा खर्च लेखी मान्य करणारी पॉलिसी घ्यावी लागली. तोंडी आश्वासनाला अर्थ नसतो. ‘वगळलेल्या बाबी’ हे प्रकरण आधी वाचावे आणि शंका असल्यास ई-मेलवर लेखी उत्तर मागावे.

तारखा ठरवताना अलिबागचे लहानपण कामी आले. आमच्याकडे कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जातात, आणि परतायची वेळ चुकली की पाणी उतरेपर्यंत किल्ल्यातच थांबावे लागते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित मी आजोबांच्या तोंडून ऐकत वाढले. ते गणित अर्थातच अलास्कात चालत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याला पाणी वेगळ्या वेळी पोहोचते. पण उधाण (पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) चंद्रावरच ठरतात, मग किनारा कुठलाही असो. ग्लेशियर बेमध्ये उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक साडेसात मीटरपर्यंत जातो; मुंबईला पाच मीटरची भरती आली की वर्तमानपत्रात बातमी येते, यावरून अंदाज करावा. म्हणून गुरुपौर्णिमेच्या, म्हणजे १० जुलैच्या उधाणाचे दिवस टाळून आम्ही आषाढ वद्य अष्टमीच्या आगेमागे भांगाचे दिवस निवडले. पाणी तेव्हा कमी चढते, कमी उतरते आणि अरुंद जागी प्रवाहही त्या मानाने सौम्य असतो. जुलै निवडण्याचे दुसरे कारण असे, की जॉन्स हॉपकिन्स इनलेट हा फाटा मे आणि जून हे दोन महिने सर्वच नौकांना बंद असतो, कारण हार्बर सील तिथल्या तरंगत्या बर्फावर पिल्लांना जन्म देतात.

शिकण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण खरी भीती तिथेच होती. नोव्हेंबर २०२४ पासून मी पुण्याजवळच्या धरणाच्या जलाशयात रविवारी कयाक चालवायला जात असे. तिथल्या कयाक वरून उघड्या असतात, उलटल्या तर माणूस आपोआप बाजूला पडतो. थंड समुद्रातल्या कयाकमध्ये पाय आत असतात आणि कमरेभोवती पाणी न शिरू देणारा एक घेर कयाकच्या काठाला ताणून बसवलेला असतो. उलटल्यावर डोके पाण्याखाली असताना तो घेर पुढच्या पट्ट्याला धरून ओढायचा आणि मग बाहेर यायचे. ४ जुलैला सिअ‍ॅटलला पोहोचले आणि दुसऱ्याच दिवशी लेक युनियनमध्ये प्रशिक्षकाने मला मुद्दाम उलटवले. पहिल्या वेळी पट्टा सापडेना. पाण्याखाली ते तीन-चार सेकंदच गेले असतील, पण हात आपल्या ताब्यात नसणे म्हणजे काय ते मला त्या वेळी कळले. त्या दिवशी मी नऊ वेळा उलटले, आणि शेवटच्या दोन वेळा डोळे मिटून, हातमोजे घालून, पट्टा पहिल्या प्रयत्नात सापडला. नंतर प्युजेट साउंडच्या गार पाण्यात दोघींनी मिळून दोन आसनी कयाक पालथी करून, सुलटी करून, आत चढून पाणी उपसण्याचा सराव तीन दिवस केला.

प्रशिक्षकाने एक आकडा पाठ करून घेतला: एक, दहा, एक. बर्फाळ पाण्यात पडल्यावर पहिला एक मिनिट श्वास आवरण्यात जातो, पुढची साधारण दहा मिनिटे हातपाय उपयोगाचे राहतात आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास लागतो. म्हणजे जे काही करायचे ते त्या दहा मिनिटांत. पोहता येणे ही यातली अगदी लहान गोष्ट आहे. किनाऱ्यालगत राहणे, अंगावर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरू देणारा पोशाख, असणे आणि लाइफ जॅकेट कधीही न काढणे या तिन्हींवर सगळे अवलंबून असते.

१२ जुलैला विमानाने जुनोला गेलो. अलास्काची ही राजधानी, पण तिला बाहेरच्या जगाशी जोडणारा रस्ताच नाही. जायचे ते विमानाने किंवा समुद्रातून. पुढे गस्टेव्हस या गावापर्यंत उन्हाळ्यात विमान जाते, पण स्टोव्हचा गॅस आणि अस्वलांसाठीचा तिखट फवारा विमानात नेता येत नाही, म्हणून आम्ही दोन्ही वस्तू जुनोतच घेतल्या आणि १४ तारखेला सरकारी फेरीने निघालो. फेरी रोज नसते. वेळापत्रक पाहूनच बाकीचे आरक्षण करावे. साडेचार तासांच्या त्या प्रवासात पाऊस एकदाही थांबला नाही. गस्टेव्हस हे जेमतेम साडेसहाशे वस्तीचे गाव आहे आणि तिथून सोळा किलोमीटरांवर बार्टलेट कोव्ह, जिथे राष्ट्रीय उद्यानाचे कार्यालय, धक्का आणि तंबूंसाठी मोफत जागा आहे. सामान वाहायला तिथे एकचाकी हातगाड्या ठेवलेल्या असतात. आम्ही चार फेऱ्या केल्या.

परवान्याला पैसे पडत नाहीत, पण धक्क्याजवळच्या केंद्रात बसून रेंजरचे मार्गदर्शन ऐकल्याशिवाय तो मिळत नाही. १५ जुलैच्या सकाळी आम्ही तिथे गेलो. कुठल्या रात्री कुठे राहणार, तंबूचा रंग कोणता, कयाकचा रंग कोणता, परत न आल्यास कोणाला कळवायचे, हे सगळे अर्जात भरले. आईचा अलिबागचा क्रमांक लिहिताना माझा हात क्षणभर थांबला. रेंजर बाईंनी मग नकाशा पसरून एकेक गोष्ट सांगितली. स्वयंपाक आणि जेवण भरतीच्या रेषेखालच्या पट्ट्यातच करायचे, म्हणजे सांडलवंड पुढची भरती धुऊन नेते. तंबू तिथून निदान शंभर यार्ड दूर लावायचा. शौचालाही भरतीच्या पट्ट्यातच बसायचे आणि कागद परत आणायचा. वास येणारी प्रत्येक वस्तू अस्वलाला उघडता न येणाऱ्या जाड डब्यात. हे डबे उद्यानाकडून वापरायला मोफत मिळतात. मी पिशवी उघडून एकेक वस्तू दाखवत गेले: भाजणी, मेतकूट, उपम्याचा भाजलेला रवा, बेसनाचे लाडू, टूथपेस्ट, सनस्क्रीन, बाम, सॅनिटरी पॅड, आणि हिंगाची डबी. त्यांनी हिंगाच्या डबीचे झाकण उघडून वास घेतला आणि ती स्वतःच्या हाताने डब्याच्या तळाशी ठेवली. बायकांसाठी मुद्दाम लिहिते: वापरलेले पॅडही दोन पिशव्यांत बंद करून याच डब्यात ठेवावे लागतात, त्यामुळे एका डब्याची जागा आधीच जास्त धरावी. अमेरिकेत उतरताना हे सगळे घरचे कोरडे पदार्थ मी सीमाशुल्काच्या खिडकीवर सांगितले होते आणि काहीच अडले नाही.

दुपारी वेळ होता म्हणून किनाऱ्यालगतच्या खुना शुका हीत या वास्तूत गेलो. हिमनदी पुढे सरकून गाव गिळेपर्यंत ही खाडी हुना ट्लिंगिट लोकांचे घर होती. ते निघून गेले, बर्फ मागे हटला, आणि २०१६ मध्ये त्यांनी पूर्वजांच्या नावाने हे लाकडी घर इथे पुन्हा उभे केले. हिमनदीच्या इतिहासात माझ्या वर्गात आजवर फक्त व्हँकुव्हर आणि म्यूर येत असत. आता तसे शिकवता येणार नाही.

१६ जुलैला सकाळी साडेसातला प्रवासी बोट सुटली. हीच बोट कयाकवाल्यांना वाटेत ठरलेल्या किनाऱ्यांवर उतरवते; या जागा मोसमात बदलतात, म्हणून आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. रीड इनलेटच्या अलीकडे, एका ओढ्याच्या मुखाशी बोटीने नाक किनाऱ्याला लावले, शिडी खाली सोडली आणि अनोळखी प्रवाशांनी रांग करून आमचे सामान हातोहात खाली दिले. पाच मिनिटांत बोट मागे फिरली. इंजिनाचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला आणि मग तोही थांबला. बहीण म्हणाली, “ताई, बोलू नकोस जरा.” आम्ही तशाच उभ्या राहिलो. दूर कुठेतरी मेघगर्जनेसारखे काहीतरी झाले, पण आकाशात ढग पातळ होते. हिमनदीचा कडा कोसळला होता.

कयाक भरायला पहिल्या दिवशी दोन तास लागले. जड डबे मध्याजवळ, तळाशी. झोपायच्या पिशव्या टोकांना. पाण्याच्या पिशव्या पायांमध्ये. भरलेली कयाक दोघींना उचलत नाही, म्हणून पाणी चढत असताना तिच्याजवळ बसून भरायची आणि तरंगली की निघायचे. पुढचे पाच दिवस आमचे सगळे वेळापत्रक याच एका गोष्टीभोवती फिरले.

रीड इनलेटच्या तोंडाशी तंबू लावला. भूगर्भशास्त्रज्ञ हॅरी फील्डिंग रीड यांनी १८९० आणि १८९२ मध्ये इथल्या हिमनद्यांचे नकाशे केले, त्यांचे नाव या जागेला आहे. बार्टलेट कोव्हला दोनशे वर्षांचे, शेवाळाने भरलेले स्प्रूसचे जंगल आहे, आणि इथे ऐंशी-नव्वद किलोमीटर आत खडकावर जेमतेम ड्रायस या जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतीचे गालिचे आणि अल्डरची झुडुपे. कारण इथली जमीन बर्फाखालून फार उशिरा बाहेर आली. विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९१६ पासून नेमके हेच मोजायला सुरुवात केली होती आणि त्यांच्याच प्रयत्नांतून १९२५ मध्ये हा भाग संरक्षित झाला. मी गुडघ्यांवर बसून ड्रायसची पिसांसारखी बोंडे पाहत होते, तेवढ्यात समोरच्या किनाऱ्यावर एक तपकिरी अस्वल दगड उलथवत चाललेले दिसले. अर्धा-पाऊण किलोमीटर पाणी मध्ये होते. ते वळून दिसेनासे होईपर्यंत आम्ही स्टोव्ह पेटवला नाही.

१७ तारखेला आमची चूक झाली. दुपारनंतर चढत्या पाण्याबरोबर आम्ही इनलेटच्या टोकाशी, रीड हिमनदीसमोरच्या गाळाच्या मैदानापर्यंत गेलो. माझ्या वहीतल्या कोष्टकाप्रमाणे भरती संध्याकाळी सहाला पूर्ण होणार होती. पाचला आम्ही उतरलो, कयाक अंदाजाने भरतीरेषेच्या वर ओढली आणि पुढच्या टोकाची दोरी एका मोठ्या दगडाला दोन वेढे देऊन बांधली. मग बर्फाकडे चालत गेलो. पावणेसातला परतलो तेव्हा कयाक जागेवर नव्हती. ती पाण्यात, किनाऱ्यापासून चार मीटरांवर, ताणलेल्या दोरीच्या टोकाशी डुलत होती, आणि पाणी अजून चढतच होते.

बहीण कंबरभर पाण्यात उतरली, मी दोरी ओढली, कयाक हाती आली. मग मी वही उघडली. भरतीचे कोष्टक सिअ‍ॅटलला छापून घेताना मी प्रमाण वेळेचे घेतले होते. उन्हाळ्यात तिकडे घड्याळ एक तास पुढे असते आणि तो तास प्रत्येक आकड्यात मिळवावा लागतो. भारतात घड्याळ कधी पुढेमागे होत नाही, त्यामुळे माझ्या डोक्यात ते आलेच नाही. तंबू, अन्न आणि संदेश पाठवणारे उपग्रह-यंत्र, यांपैकी यंत्रच काय ते माझ्या खिशात होते. बाकी सगळे इनलेटच्या दुसऱ्या टोकाला. दोरी बांधली नसती तर ती रात्र आम्ही तिथे उभ्याने काढली असती. त्या रात्री दोघींनी टॉर्चच्या उजेडात, खरे तर दहानंतरही बाहेर इतका उजेड होता की टॉर्च लागली नसती, कोष्टकातली प्रत्येक वेळ खोडून नवी लिहिली. कोष्टकाच्या वरच्या ओळीत कोणती वेळ आहे ते वाचा आणि कयाक कितीही वर ओढली तरी बांधा.

१८ जुलैचा दिवस मी कधी विसरणार नाही. सकाळी वारा पडलेला होता, पाणी काचेसारखे, आणि आम्ही रीडच्या तोंडातून बाहेर पडून किनाऱ्याच्या कडेने लॅम्प्लू हिमनदीकडे निघालो. चार-पाच किलोमीटरांचे अंतर, पण दीड तास लागला, कारण तरंगत्या बर्फातून वाट काढावी लागत होती. पुढे बसलेली बहीण “डावीकडे, लहान आहे,” “थांब, याच्या खाली मोठा आहे,” असे सांगत होती आणि मागे मी पायांनी सुकाणू फिरवत होते. बर्फाचा फार तर दहावा भाग पाण्यावर दिसतो. घराएवढ्या हिमनगाजवळ तर जायचेच नाही, कारण वितळता वितळता तो न सांगता कुशीवर वळतो.

बर्फाच्या तुकड्यांमधून वल्ही थांबवली की चहूबाजूंनी एक आवाज येतो. तापलेल्या तेलात मोहरी तडतडावी तसा, पण सगळ्या खाडीभर. शेकडो वर्षांपूर्वीच्या हिमाबरोबर दाबली गेलेली हवा बुडबुड्यांतून सुटत असते. मी नारळाएवढा एक तुकडा उचलून कानाशी धरला. तो पूर्ण पारदर्शक होता, आत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे ओळीने थिजलेले, आणि तळहाताच्या उबेने त्यातला एकेक फुटत होता.

लॅम्प्लूची भिंत चाळीस-पन्नास मीटर उंच आहे आणि तिच्या भेगांमधला निळा रंग छायाचित्रात येतो त्याहून कितीतरी गडद आहे. दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा परत देतो, हे मी वीस वर्षे सांगत आले आहे. समोर पाहताना ते वाक्य आठवले, आणि डोळे भरून आले. उद्यानाच्या सूचनेप्रमाणे पाव मैलाहून, म्हणजे चारशे मीटरांहून जवळ जायचे नव्हते. आम्ही त्याच्या दुप्पट अंतरावर थांबलो. याच हिमनदीवर २८ जून २०१६ रोजी वरचा डोंगर कोसळून दहा किलोमीटरांपर्यंत दगडमातीचा थर पसरला होता. अंतर कशासाठी ठेवायचे हे तिथे वेगळे समजवावे लागत नाही. पाऊण तासाने भिंतीचा एक खांब डावीकडे सरकला. आधी तो पडताना दिसला, पाणी उसळले, आणि त्यानंतर आवाज आला. ट्लिंगिट लोक याला पांढरी गर्जना म्हणतात. मी कयाकचे तोंड लाटेकडे वळवले, दोघींनी वल्ही पाण्यावर आडवी टेकवली आणि वाट पाहिली. तीन लाटा आल्या, तिसरी सर्वांत मोठी, पण इतक्या अंतरावर त्यांनी आम्हांला केवळ उचलून खाली ठेवले. आजूबाजूचा बर्फ मात्र एकमेकांवर आपटून बराच वेळ वाजत राहिला. बर्फाच्या एका लादीवर पहुडलेल्या सीलने मान वर केली आणि पुन्हा टेकली.

१९ तारखेला वारा आणि पाऊस. आम्ही दिवसभर तंबूत थांबलो. असा एक दिवस आणि त्याचे अन्न हिशेबात धरलेच पाहिजे. लोकरीचे कपडे ओले झाले तरी ऊब देतात, सुती कपडा मात्र एकदा भिजला की प्रवास संपेपर्यंत वाळत नाही. माझा एक सुती टी-शर्ट पाच दिवस ओलाच राहिला. २० तारखेला पाणी निवळल्यावर परत ओढ्याच्या मुखाशी आलो. अमावास्या चार दिवसांवर आली होती, भरती रोज थोडी वर चढत होती आणि आम्हीही तंबू भरतीरेषेपासून चाळीस पावले वर लावला.

२१ जुलैला बोट दुपारी यायची होती. सकाळपासून धुके होते. सामान बांधून, कयाक पाण्याच्या काठावर आणून एक तास आधी तयार राहण्याची सूचना होती. आम्ही तीन तास आधी बसलो. धुक्यातून इंजिन ऐकू आले, पुन्हा बंद झाले, आणि मग शिडी अगदी समोर दिसली. बार्टलेट कोव्हला डबे धुऊन परत केले, केंद्रात जाऊन परत आल्याची नोंद केली. ही नोंद राहिली तर शोध सुरू होऊ शकतो, म्हणून आंघोळीआधी ती करावी.

खर्चाचे विचाराल तर मुंबई-सिअ‍ॅटल विमान धरून माझे एकटीचे सुमारे दोन लाख नव्वद हजार रुपये गेले. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग विमानाचा. कयाकचे भाडे आणि बोटीचे येणे-जाणे हा पुढचा मोठा खर्च. सिअ‍ॅटलला राहायला बहिणीचे घर होते आणि दोन्ही ड्रायसूट तिच्या मैत्रिणींनी दिले. हे नसते तर आकडा बराच वाढला असता.

मी पुण्याला परत रुजू झाल्यावर, १० ऑगस्टला, जुनोच्या दक्षिणेकडच्या ट्रेसी आर्म या फ्योर्डमध्ये (हिमनदीने कोरलेल्या अरुंद खाडीत) हिमनदीशेजारचा डोंगर कोसळून प्रचंड लाट उठली. तिथल्या हार्बर बेटावर मुक्कामाला असलेल्या कयाकवाल्यांना पहाटे जाग आली तेव्हा पाणी तंबूंना लागले होते. माणसे वाचली, बरेचसे सामान वाहून गेले. बातमी बहिणीने पाठवली आणि खाली एवढेच लिहिले, “ताई, आपला तंबू पहिल्या रात्री किती वर होता?” मी वही काढून पाहिले. पहिल्या रात्री भरतीरेषेपासून बावीस पावले होता. शेवटच्या रात्रीचा आकडा तिला आठवत होता, पण पहिला मीही विसरले होते. पुढच्या वेळचा कागद आम्ही आता सुरू केला आहे आणि त्यात तंबूच्या ओळीपुढे पहिल्या रात्रीपासूनच चाळीस लिहिले आहे.